गल्ल्यातील पैसा कोणाचा?

अलीकडे आपल्या गावोगावच्या बंधुभगिनींपैकी पुष्कळजण शेतीच्या किंवा मजुरीच्या जोडीला एखादा लहानसा धंदा काढू लागले आहेत. कोणी किराणा मालाचे दुकान मांडतो, कोणी पिठाची गिरणी घालतो, कोणी भगिनी शिलाईचे यंत्र घेऊन घरच्या ओसरीवर बसते, तर कोणी तरुण रस्त्याच्या कडेला दुचाक्या दुरुस्त करतो. जमिनीचे तुकडे पडत गेले, पावसाचा भरवसा राहिला नाही, आणि २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेमुळे लहान धंद्यास ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणावाचून मिळण्याची वाट झाली. जो मनुष्य काल दुसऱ्याच्या दारी काम मागत होता, तो आज आपल्या दारी गिऱ्हाइकाची वाट पाहतो. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी कोणी नाक मुरडावे असे आम्हांस वाटत नाही.

असा नवा धंदा काढणाऱ्यास आम्ही आजवर एकच उपदेश करीत आलो आहो. माप मारू नको, भेसळ करू नको, खोटे बोलू नको. हा उपदेश योग्यच आहे व तो पुन्हा पुन्हा केला पाहिजे. परंतु एवढे पाळले म्हणजे धंदेवाल्याचे कर्तव्य पुरे झाले काय? ज्याने कोणास फसविले नाही, तो प्रामाणिक ठरला काय? हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. कारण ह्याच्या उत्तरात चूक झाल्यामुळे पुष्कळ चांगली माणसे व त्यांच्याबरोबर त्यांची चांगली नातलग मंडळी बुडालेली आहेत.

एका दुकानदाराचे उदाहरण घेऊ. असा मनुष्य वाचकांपैकी बहुतेकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिला असेल. ह्या गृहस्थाने गावात किराणा मालाचे दुकान काढले. घरचे ३५,००० रुपये होते, बहिणीने शेळ्या विकून १५,००० दिले, आणि बँकेने ५०,००० दिले. मिळून १,००,००० झाले. त्यांतून १०,००० रुपये काटा, फळ्या व डबे ह्यांत गेले व ९०,००० रुपयांचा माल भरला. त्याने कधी कोणास कमी तोलून दिले नाही. लहान मूल दुकानी आले तर मोड मोजून, कागदात बांधून, त्याच्या मुठीत देई. नडलेल्यास नाही म्हणणे त्याच्या जिवावर येई. असे असून तेराव्या महिन्यात दुकानास कुलूप लागले. तेव्हा सगळा गाव हळहळला व म्हणाला, "माणूस लाख मोलाचा, पण धंदा त्याच्या नशिबी नव्हता."

हे खरे आहे काय? दुकान बंद झाले त्या दिवशी तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याचे २०,००० रुपये देणे राहिले होते. बँकेचे निम्म्याहून अधिक कर्ज अंगावर होते. बहिणीच्या शेळ्यांचे पैसे तर कोणाच्या तोंडी देखील येईनात, कारण ती बहीण, ती काय मागणार! ह्या तिघांचा पैसा कोणी चोरला नाही, आणि तरी तो त्यांच्या हाती परत आला नाही. तेव्हा तो गेला कोठे, हे पाहिले पाहिजे.

आपण त्या दुकानाचा हिशेब मांडू. समजा, तेथे रोज २,००० रुपयांची विक्री होत होती व मालावर सरासरी शेकडा १० रुपये सुटत होते. दिवेलागणीस गल्ल्यात २,००० रुपये दिसत. परंतु त्यांतील १,८०० रुपये ही त्या दिवशी विकल्या गेलेल्या मालाची मूळ किंमत. ते पुन्हा माल आणण्यासाठीच ठेविले पाहिजेत. नाहीतर उद्या फळीवर काय मांडावयाचे? म्हणजे मिळकत झाली २०० रुपयांची, महिन्याची ६,०००. त्यांतून जागेचे भाडे व वीज १,२००, तालुक्याहून माल आणण्याचे गाडीभाडे ८००, आणि बँकेचा हप्ता २,०००, असे ४,००० गेले. उरले २,०००; दिवसाचे सुमारे ६६ रुपये. एवढाच पैसा त्याचा. पण तो गृहस्थ घरखर्चासाठी रोज गल्ल्यातून ३०० रुपये काढीत होता, म्हणजे महिन्यास ९,०००. ह्यांत दरमहा ७,००० रुपये त्याच्या मिळकतीतले नसून मालाच्या किमतीतले होते. आता ९०,००० रुपयांच्या मालातून दरमहा ७,००० खाल्ले तर तो किती दिवस पुरेल? तेरा महिने. दुकानास तेराव्या महिन्यात कुलूप लागले ते नशिबाने लागले नाही. ते पहिल्याच महिन्याच्या वजाबाकीत लागले होते, आणि वजाबाकी कोणी केली नाही म्हणून ते कोणास दिसले नाही.

वाचकहो, ह्या मनुष्याने मौजमजेत पैसा उडविला नाही. ३०० रुपयांत हल्ली पाच माणसांचे घर मोठ्या कष्टाने चालते. त्याने दारू घेतली नाही, जुगार खेळला नाही. त्याचा दोष एवढाच की, गल्ल्यातील सर्व पैसा आपला, असे त्याने धरून चालले. आणि आमचे म्हणणे असे आहे की, हा दोष केवळ अडाणीपणाचा नाही, तो नीतीचा आहे. कारण तराजूच्या पारड्यात अंगठा ठेवणारा जसा दुसऱ्याचे खातो, तसाच हिशेब न ठेवणाराही दुसऱ्याचेच खातो. पहिला जाणून खातो व दुसरा नकळत खातो, हा मोठा फरक आहे खरा. परंतु ज्याचे गेले त्याच्या ताटात दोन्ही वेळां सारखेच कमी पडते. आणि जे आपणास कळू शकत होते ते आपण कळून घेतले नाही, तर त्या न कळण्याचा भार आपल्यावरच येतो.

उधारीची गोष्ट अशीच आहे. त्या दुकानदाराचे २०,००० रुपये गावात उधारीत अडकले होते, आणि घाऊक व्यापाऱ्याचे देणेही तेवढेच राहिले होते. लोक त्यास उदार म्हणत. पण त्याने जे दिले ते कोणाचे दिले? "हलवायाच्या घरावर तुळशीपत्र" अशी आपल्याकडे म्हण आहे. दुसऱ्याच्या मालावर आपले दातृत्व दाखविणे त्यास लागू पडते, मग ते कितीही कळवळ्याने का केलेले असेना.

ह्या ठिकाणी आम्हांस देहूच्या तुकारामबोवांची आठवण होते. ते स्वतः वाणी होते, दुकान करीत होते, आणि १६३० च्या सुमारास पडलेल्या मोठ्या दुष्काळात त्यांचा व्यवहार बुडाला, हे सर्वांस ठाऊक आहे. लोकांकडून येणे असलेल्या रकमांची खते त्यांनी इंद्रायणीत बुडविली अशी कथा महाराष्ट्रात घरोघर सांगतात. परंतु त्या कथेचा अर्धा भाग पुष्कळजण विसरतात. परंपरा असे सांगते की, बोवांनी प्रथम त्या खतांच्या दोन वाटण्या केल्या, धाकटा भाऊ कान्होबा ह्याचा अर्धा वाटा त्याच्या स्वाधीन केला, आणि मग आपला जो अर्धा उरला तेवढाच नदीत सोडला. सर्वस्वाचा त्याग करावयास निघालेल्या पुरुषाने देखील भावाच्या वाट्यास हात लावला नाही. त्याग करण्यापूर्वी त्यांनी वाटणी केली, म्हणजेच हिशेब केला. आपले किती हे ज्यास ठाऊक आहे, तोच आपले देऊ शकतो.

आता कोणी म्हणेल, "तुमचे हे बोलणे फार कठोर झाले. दारी शेजारीण उभी आहे, तिचे मूल तापाने फणफणले आहे, घरात साखर नाही, साबुदाणा नाही. अशा वेळी आम्ही वही उघडून शेकडा दहाचा हिशेब करीत बसावे काय? असे करता करता मनुष्याचे काळीज दगडाचे होईल." हा आक्षेप खोटा नाही. पैशापैशाचा हिशेब करता करता माणसापेक्षा पैसाच मोठा वाटू लागलेले लोकही आम्ही पाहिले आहेत. परंतु ह्यावर उपाय हिशेब टाकून देणे हा नव्हे. उपाय असा की, देणे व उधार देणे ह्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या. महिन्याच्या आरंभीच आपल्या स्वतःच्या वाट्यातून, मग तो १०० रुपयांचा का असेना, दुसऱ्याच्या नडीसाठी एक भाग काढून ठेवावा. त्या शेजारणीस साखर द्यावी, आणि ती उधारीच्या वहीत न लिहिता ह्या भागातून दिली असे समजावे. असे केल्याने तिला पुढे तोंड चुकवावे लागत नाही, आणि आपल्या मनातही "तिने अजून दिले नाहीत" हा काटा राहत नाही. ज्या उधारीची परतफेड होणार नाही हे देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास दोघांसही ठाऊक असते, ती उधारी म्हणजे दोघांनी मिळून बोललेले एक असत्यच होय. दोन माणसांची जन्माची मैत्री अशा चाळीस रुपयांवरून तुटते.

उधार न देणे म्हणजे गरिबांचा द्वेष करणे नव्हे, हे दाखविणारी विलायतेतील एक हकीकत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. इंग्लंडातील रॉचडेल नावाच्या गावी हातमागावर व गिरण्यांत काम करणारे गरीब लोक राहत. दुकानदाराच्या उधारीत ते बांधलेले असल्यामुळे भेसळीचा माल मिळाला तरी बोलता येत नसे. तेव्हा २८ जणांनी पै पै साठवून माणशी एक पौंड जमविला व २१ डिसेंबर १८४४ रोजी टोड लेन ह्या गल्लीत स्वतःचे दुकान उघडले. प्रथम मांडलेला माल काय, तर पीठ, लोणी, साखर, ओटचे पीठ, अशा थोड्याच वस्तू! त्यांचा एक मुख्य नियम असा होता की, माल चोख द्यावयाचा, माप पुरे द्यावयाचे, आणि उधार कोणासही द्यावयाचे नाही. हा नियम श्रीमंतांनी गरिबांवर लादला नव्हता. उधारीने पोळलेल्या गरिबांनी तो स्वतःवर घालून घेतला होता. नफा उरेल तो सभासदांस त्यांच्या खरेदीच्या प्रमाणात परत वाटीत. जगभर ज्या सहकारी संस्था आज दिसतात, त्यांच्या वाटचालीत ह्या लहानशा दुकानाचे स्थान फार मोठे आहे.

आणि हिशेब जेथे एकाच्याच हाती राहतो व दुसऱ्यास वाचता येत नाही, तेथे काय होते हे पाहावयास इतके दूर जाण्याचे कारण नाही. पुणे जिल्ह्यातील सुपे गावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा दंगा उसळला व तो पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील गावोगावी पसरला. त्या लोकांचा रोख मुख्यतः सावकाराकडील कर्जखतांवर होता. ती हिसकून घेऊन त्यांनी जाळली. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात ऋणकोने दिलेल्या रकमेची पावती व वर्षाच्या हिशेबाचा उतारा सावकाराकडून मागून घेण्याचा हक्क त्यास मिळाला. दोघांसही वाचता येईल असा हिशेब हे शेजारधर्माचे कुंपण आहे. म्हणून ज्या थोड्या गिऱ्हाइकांस उधार द्यावेच लागते, त्यांच्या हाती त्यांची वेगळी वही द्यावी, व प्रत्येक नोंद दोघांच्या देखत करावी.

आता नवीन धंदेवाल्याने प्रत्यक्ष काय करावे, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, दुकान काढण्यापूर्वी वर दाखविलेली वजाबाकी कागदावर करावी, आणि ती करताना विक्री कमी धरावी व खर्च जास्त धरावा. खेड्यात बाराही महिने सारखे नसतात. सोयाबीन, कापूस किंवा ऊस ह्यांचा पैसा आला की दुकान गजबजते, आणि आषाढात माशा मारीत बसावे लागते. दिवाळीच्या विक्रीवर वर्षाचा अंदाज बांधणारा मनुष्य स्वतःस फसवितो. वजाबाकीत दिवसाचे ६६ रुपयेच उरत असतील, तर दुकान काढूच नये असे नाही. पण त्या दुकानावर घर चालणार नाही हे जाणून मजुरी किंवा शेती सोडू नये, एवढे निश्चित.

दुसरी गोष्ट, घर व दुकान ह्यांचा पैसा निराळा ठेवावा. मालकाने आपणास महिन्याचा पगार ठरवून घ्यावा व तेवढाच उचलावा. घरी नेलेली तेलाची पिशवी देखील वहीत लिहावी. हल्ली मोबाईलवरून येणारा पैसा सरळ बँकेत जमा होतो. तो डोळ्यांस दिसत नाही म्हणून त्याचा मोह अधिक. त्यासाठी दुकानाचे खाते वेगळे उघडावे.

तिसरी गोष्ट, काटा. २००९ च्या वैधमापन कायद्यान्वये दुकानातील वजने व काटे ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. काटा आपोआप बिघडतो व मालकास पत्ता लागत नाही; म्हणून तपासणी ही शिक्षा न समजता आपल्या सचोटीची राखण समजावी. तसेच वेष्टनावर छापलेल्या किमतीहून अधिक घेऊ नये. शीतपेय "थंड करण्याचे" म्हणून दोन रुपये जास्त घेण्याचा जो प्रघात पडला आहे, तो पुष्कळांस दोषच वाटत नाही. पण दोन रुपयांस विकलेली पत पुन्हा दोन रुपयांस विकत मिळत नाही.

चौथी गोष्ट, वायदा. आमच्या शिलाई करणाऱ्या भगिनींस हे विशेष सांगणे आहे. लग्नसराईत दिवसास दोन झंपर शिवून होतात हे ठाऊक असता, आलेल्या प्रत्येकीस "परवा देते" असे सांगणे म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. वधूची बहीण त्या शब्दावर विसंबून घरी जाते. आपल्या हातांचा वेग मोजून, दिवस मोजून, मग शब्द द्यावा. आणि न जमल्यास गिऱ्हाईक येण्याची वाट न पाहता आपणच आधी निरोप पाठवावा. घाऊक व्यापाऱ्याचे देणे चुकणार असेल तेव्हाही हाच नियम. वायद्याचा दिवस उलटल्यावर सांगितलेली अडचण सबब ठरते, आधी सांगितली तर तिला विश्वासाचे मोल येते.

येथे आमच्या उपदेशक बंधूंस एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. मंडळीतील एखाद्याने दुकान काढले की सर्वांत आधी आपलीच मंडळी उधार मागावयास जाते. "आपलाच आहे, तो काय नाही म्हणेल?" असे आपण म्हणतो, आणि रोख पैसा हाती आला की तालुक्याच्या बाजारातून माल आणतो. ह्या उधारीच्या वहीत काही ठिकाणी पहिले नाव उपदेशकाचे असते, आणि ते नाव पाहून दुकानदार इतरांसही नाही म्हणू शकत नाही. उपदेशकाचा पगार थोडा असतो व कधी उशिराही येतो, हे आम्ही जाणतो. परंतु आपल्या माणसास मदत करावयाची असेल तर त्याच्याकडून रोखीने माल घेणे ही पहिली मदत होय. ज्याच्यावर आपले प्रेम आहे त्याचेच दुकान आपल्या उधारीने बसवावे, ह्यापरते दुःख कोणते?

शेवटची गोष्ट बोलण्यास सर्वांत अवघड आहे. हिशेब चोख ठेवूनही धंदा चालला नाही तर? असे होते, व त्यात पाप नाही. मग माल शिल्लक आहे व देणी फिटू शकतात अशा वेळीच दुकान बंद करावे. आमच्या उदाहरणातील गृहस्थास सहाव्या महिन्यात फळ्या रिकाम्या होऊ लागल्याचे दिसत नव्हते काय? दिसत होते. परंतु लोक काय म्हणतील ह्या लाजेने तो पुढल्या फळीवर डबे मांडून मागली फळी झाकीत राहिला, आणि ही गोष्ट त्याने बायकोसही सांगितली नाही. त्या दिवशी त्याने उरलेला माल विकला असता तर बहिणीचे पैसे तरी परत गेले असते. त्याच्या प्रामाणिकपणाची खरी कसोटी तराजूपाशी नव्हती. ती ह्या रिकाम्या फळीपाशी होती, आणि तेथे तो उतरला नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, महिन्यातून एकदा तरी आपली वही दुसऱ्या कोणा एका माणसास दाखवावी. पत्नीस, भावास, बचतगटातील जाणत्या बाईस किंवा विश्वासू वडील माणसास. ज्यास आपली वही दाखविण्याची लाज वाटत नाही, त्याचा धंदा बुडाला तरी त्याचे नाव बुडत नाही. आणि नाव राहिले तर धंदा दुसऱ्यांदा काढता येतो.

ह्या पृष्ठाचे वाचन एखाद्या दुकानात दिव्याखाली चालले असेल, तर त्या बंधूस आमची एवढीच विनंती आहे. आज रात्री गल्ला मोजाल तेव्हा नोटांच्या राशी कराव्या. ही व्यापाऱ्याची, ही बँकेची, ही बहिणीची, ही भाड्याची. त्या सर्व बाजूस काढून जी लहानशी रास उरेल ती उजळ माथ्याने घरी न्यावी. ती थोडी असेल. परंतु त्या रात्री घरातील कोणाच्याही ताटात दुसऱ्याचा घास नसेल.